हू, व्हिच, दॅट की व्हेअर? नाम नव्हे, उपवाक्यातली रिकामी जागा पाहा

इंग्रजीतलं रिलेटिव्ह प्रोनाउन, म्हणजेच संबंधी सर्वनाम, शिकवताना सहसा एक छोटा तक्ता दिला जातो. माणूस असेल तर ‘हू’, वस्तू असेल तर ‘व्हिच’, मालकी असेल तर ‘हूज’, जागा असेल तर ‘व्हेअर’. तक्ता खोटा नाही, पण अर्धाच आहे. ही दोन वाक्यं घ्या:

‘धिस इज द हाउस ____ माय ग्रँडफादर बिल्ट.’
‘धिस इज द हाउस ____ माय ग्रँडफादर लिव्ह्ड.’

दोन्हीकडे नाम एकच आहे. घर ही वस्तूही आहे आणि जागाही, त्यामुळे तक्ता इथे गप्प बसतो. पहिल्या वाक्यात ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ हवं, दुसऱ्यात ‘व्हेअर’. अदलाबदल केली तर दोन्ही वाक्यं चुकतात. कारण उत्तर नामात नसतं, नामाच्या पुढे येणाऱ्या उपवाक्यात असतं. बांधलं, काय बांधलं? घर. म्हणजे तिथे कर्माची जागा रिकामी आहे. राहत होते, कुठे? घरात. तिथे कर्म नाही, ‘घरात’ हा भाग गायब आहे.

तेव्हा पद्धत अशी. आधी उपवाक्य वेगळं काढा. मग मूळ नाम त्यात परत बसवून पूर्ण वाक्य तयार करा: ‘माय ग्रँडफादर बिल्ट द हाउस’, ‘माय ग्रँडफादर लिव्ह्ड इन द हाउस’. नाम जिथे आणि ज्या रूपात बसलं, ती रिकामी जागा. तिथे नाम कर्ता आहे, कर्म आहे, प्रिपोझिशनच्या (‘इन’, ‘ऑन’, ‘टु’ असा शब्द) नंतर आलंय की कुणाची तरी मालकी दाखवतंय, हे ठरवा. ते ठरलं की सर्वनाम निवडायला दोनच प्रश्न उरतात: नाम माणसाचं की वस्तूचं, आणि उपवाक्याच्या आधी स्वल्पविराम आहे की नाही.

मराठीची मदत कुठवर घ्यायची

हे काम आपण मराठीत विचार न करता करतो. जो आला, ज्याने खिडकी फोडली, ज्याला बोलावलं, ज्याची सायकल हरवली, ज्याच्याशी बोललो. रिकामी जागा कोणती हे मराठीत प्रत्यय सांगतात. म्हणून इंग्रजी वाक्य अडलं की उपवाक्य मनात ‘ज’ने सुरू करून पाहणं उपयोगाचं ठरतं. ‘ज्याची’ आलं तर ‘हूज’, ‘ज्याच्याशी’ किंवा ‘ज्यावर’ आलं तर कुठलं तरी प्रिपोझिशन लागणार, एवढं लगेच कळतं.

पण ही मदत डोळे मिटून घेऊ नये. ‘ज्याला’ ऐकलं की ‘हूम’ लिहायचा मोह होतो, आणि तिथेच फसगत होते. ‘ज्याला तू पाहिलंस’ याचं ‘हूम यू सॉ’ होतं, ते बरोबर. पण ‘ज्याला इंग्रजी येतं’ याचं इंग्रजी ‘हू नोज इंग्लिश’ असं आहे. मराठीत तो माणूस ‘ला’ लावून येतो, इंग्रजीत मात्र तो सरळ कर्ता असतो. ‘ज्याला भूक लागली आहे’, ‘ज्याला हे आवडतं’, ‘ज्याच्याकडे गाडी आहे’ या सगळ्यांचं इंग्रजीत ‘हू’ होतं: ‘हू इज हंग्री’, ‘हू लाइक्स धिस’, ‘हू हॅज अ कार’. मराठी प्रत्यय इशारा देतो, निकाल मात्र इंग्रजी क्रियापद देतं.

आणखी एक गोष्ट. मराठीत आपण बऱ्याचदा ‘जो’ वापरतच नाही. ‘काल आलेला मुलगा’, ‘मी घेतलेलं पुस्तक’, ‘तू बसतोस ती खुर्ची’ अशी रचना जास्त सहज वाटते आणि सगळी माहिती नामाच्या आधी येऊन जाते. इंग्रजीत हीच माहिती नामाच्या नंतर जाते. लिहिताना मनात ‘आलेला’, ‘घेतलेलं’ अशी रूपं येत असतील तर आधी ‘जो आला तो’, ‘जे मी घेतलं ते’ असं उलगडून घ्या, मग इंग्रजीत न्या.

याच ‘तो’ आणि ‘ते’मुळे एक ठरलेली चूक होते. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ यातला ‘तो’ इंग्रजीत घुसतो आणि वाक्य होतं ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ इथे ‘ही’ नको. ‘द बॉय’ हाच ‘इज’चा कर्ता आहे. तशीच ‘द बुक व्हिच आय बॉट इट’ ही चूक. रिकामी जागा ‘व्हिच’ने भरली, आता तिथे ‘इट’ बसू शकत नाही. एका जागेवर एकच सर्वनाम.

हू आणि हूम

नाम माणसाचं असेल तर रिकाम्या जागेत ‘ही’ घालून बघा, मग ‘हिम’ घालून बघा. ‘ही’ बसलं तर ‘हू’, ‘हिम’ बसलं तर ‘हूम’. दोघांच्या शेवटी म आहे, तेवढीच खूण लक्षात ठेवा. ‘द मॅन ____ कॉल्ड मी’: ही कॉल्ड मी, म्हणून ‘हू’. ‘द मॅन ____ आय कॉल्ड’: आय कॉल्ड हिम, म्हणून ‘हूम’.

बोलताना दुसऱ्या ठिकाणीही बहुतेक इंग्रजी भाषक ‘हू’च म्हणतात, किंवा काहीच न म्हणता ‘द मॅन आय कॉल्ड’ असं मोकळं सोडतात. त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. परीक्षेत, अर्जात किंवा औपचारिक लेखात ‘हूम’ लिहा. गप्पांमध्ये ते जरा ताठ वाटतं. एका जागी मात्र सूट नाही. प्रिपोझिशन लगेच आधी आलं की ‘हूम’च: ‘टु हूम’, ‘विथ हूम’, ‘फॉर हूम’.

खरा सापळा पुढचा आहे. ‘द कँडिडेट ____ आय थिंक विल विन.’ इथे ‘आय’ दिसला की हात आपोआप ‘हूम’कडे जातो. पण ‘आय थिंक’ हे मध्ये घुसलेलं वाक्य आहे. ते काढून टाका: ‘द कँडिडेट ____ विल विन’. ‘ही विल विन’, म्हणून ‘हू’. ‘आय बिलीव्ह’, ‘दे से’, ‘वी न्यू’ अशी छोटी वाक्यं मध्ये आली की हीच गंमत होते. उलट ‘द कँडिडेट ____ आय कन्सिडर सूटेबल’ इथे ‘आय कन्सिडर’ काढलं तर मागे क्रियापदच उरत नाही. म्हणजे ते घुसलेलं नाही, मुख्य आहे. ‘आय कन्सिडर हिम सूटेबल’, म्हणून ‘हूम’.

‘गिव्ह इट टु हूएव्हर कम्स फर्स्ट’ यात ‘टु’ पाहून ‘हूमएव्हर’ लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ‘कम्स’ला कर्ता हवा आणि तो ‘हूएव्हर’ आहे. ‘टु’ हे एकट्या शब्दाला नाही, पुढच्या अख्ख्या उपवाक्याला जोडलंय. रूप ठरतं ते उपवाक्याच्या आतल्या कामावरून, बाहेर कोण उभं आहे त्यावरून नाही.

प्रिपोझिशन हरवतं ते इथे

मराठी भाषकांच्या लेखनात बऱ्याचदा सापडणारी एक चूक सर्वनामाची नाहीच, प्रिपोझिशनची आहे. ‘द चेअर व्हिच आय सॅट’, ‘द पर्सन हू आय स्पोक’, ‘द साँग व्हिच आय लिसन्ड’. तिन्ही अपुरी. नाम परत बसवून बघा: ‘आय सॅट ऑन द चेअर’, ‘आय स्पोक टु द पर्सन’, ‘आय लिसन्ड टु द साँग’. ‘ऑन’ आणि ‘टु’ कुठेच गेलेले नाहीत, ते लिहायलाच हवेत. ‘गाणं ऐकलं’ यात गाणं सरळ कर्म आहे, ‘बसची वाट पाहिली’ यात ‘ची’ आहे. इंग्रजीत यांना ‘लिसन टु’ आणि ‘वेट फॉर’ लागतं. प्रत्यय आणि प्रिपोझिशन यांची जोडी जुळत नाही, म्हणून चूक होते. ‘लुक ॲट’, ‘डिपेंड ऑन’, ‘बिलाँग टु’, ‘लिव्ह इन’, ‘वर्क फॉर’ ही क्रियापदं आली की उपवाक्याचा शेवट एकदा तपासा.

प्रिपोझिशन ठेवायला जागा दोन. एकतर उपवाक्याच्या शेवटी: ‘द चेअर दॅट आय सॅट ऑन’. नाहीतर सर्वनामाच्या आधी: ‘द चेअर ऑन व्हिच आय सॅट’. पहिली सहज, दुसरी औपचारिक. दोन्हीकडे एकदम लिहिलं की ‘द हाउस इन व्हिच ही लिव्ह्ज इन’ असं विचित्र वाक्य होतं. आणि प्रिपोझिशन पुढे आणलं की ‘दॅट’ चालत नाही. ‘ऑन दॅट आय सॅट’ होत नाही, फक्त ‘ऑन व्हिच’. माणूस असेल तर ‘टु हूम’.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ देऊ नये, असा एक जुना दंडक अजून सांगितला जातो. तो मनावर घेऊ नका. काही जोड्या तर तोडताच येत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्स’ असं लिहिलं तर वाचणारा हसेल. ‘द चाइल्ड शी लुक्स आफ्टर’ हेच योग्य.

‘व्हेअर’ समजायलाही हाच धागा पुरतो. ‘व्हेअर’ म्हणजे ‘इन व्हिच’ किंवा ‘ॲट व्हिच’. त्यात प्रिपोझिशन आधीच सामावलेलं आहे. म्हणून ‘द म्युझियम व्हेअर वी व्हिजिटेड’ चूक. ‘व्हिजिट’ला सरळ कर्म लागतं, तिथे ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ हवं. ‘द म्युझियम व्हेअर वी मेट’ बरोबर, कारण ‘वी मेट इन द म्युझियम’. वेळेचंही तसंच: ‘द डे व्हेन शी लेफ्ट’, पण ‘द डे दॅट चेंज्ड एव्हरीथिंग’, कारण दुसऱ्यात दिवस स्वतः कर्ता आहे. ‘रीझन’नंतर ‘व्हाय’ किंवा ‘दॅट’ येतं, किंवा काहीच नाही. ‘द रीझन ही लेफ्ट’ एवढंही पुरतं.

‘हूज’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते वस्तूंनाही चालतं, ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’ यात काही वावगं नाही. ‘हूज’च्या पाठोपाठ थेट नाम येतं, मध्ये ‘द’ किंवा ‘हिज’ नको. ॲपॉस्ट्रॉफी असलेला ‘हूज’ वेगळा, तो ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’चा संक्षेप. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून कान इथे कामाचा नाही. ‘हू इज’ असं पूर्ण उच्चारून अर्थ लागला तरच ॲपॉस्ट्रॉफी द्या.

स्वल्पविरामाने अर्थ कसा बदलतो

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन लंडन इज अ डॉक्टर.’ स्वल्पविराम नाही. याचा अर्थ बोलणाऱ्याला एकाहून जास्त भाऊ आहेत आणि त्यांतला लंडनवाला डॉक्टर आहे. आता ‘ब्रदर’नंतर एक आणि ‘लंडन’नंतर एक असे दोन स्वल्पविराम द्या. भाऊ एकच उरतो. तो लंडनला राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. पहिल्या प्रकारात उपवाक्य ‘कोणता’ याचं उत्तर देतं, दुसऱ्यात नुसती भर घालतं.

ओळखायचं कसं? उपवाक्य पूर्ण काढून टाका. वाचणाऱ्याला तरीही नेमकं कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळत असेल तर ती भर, म्हणून स्वल्पविराम हवा. विशेषनाम असेल तर बहुतेक वेळा भरच असते, कारण नाव सांगितल्यावर ‘कोणता’ हा प्रश्न उरत नाही. आणि उपवाक्य वाक्याच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. एकच देऊन दुसरा विसरणं ही फार सामान्य चूक आहे.

स्वल्पविराम आला की दोन गोष्टी बंद होतात. ‘दॅट’ वापरता येत नाही, आणि सर्वनाम गाळता येत नाही. म्हणून भर घालायची तर फक्त ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’, ‘व्हिच’, ‘व्हेअर’ आणि ‘व्हेन’.

स्वल्पविराम नसताना वस्तूसाठी ‘व्हिच’ की ‘दॅट’, यावर मात्र भरपूर वाद होतो. ब्रिटिश वापरात दोन्ही चालतात. अमेरिकन संपादक तिथे ‘दॅट’च लिहायला सांगतात आणि ‘व्हिच’ स्वल्पविरामानंतरच्या जागेसाठी राखून ठेवतात. अशी वाटणी असावी असं ब्रिटिश कोशकार फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या कोशात सुचवलं होतं, आणि बहुतेक लेखक ती पाळत नाहीत हेही तिथेच मान्य केलं होतं. म्हणजे हा व्याकरणाचा अटळ नियम नाही, शैलीची शिस्त आहे. तरीही ती पाळणं सोयीचं आहे: ‘कोणता’ सांगायचं तर ‘दॅट’, भर घालायची तर स्वल्पविराम आणि ‘व्हिच’. अशा वाक्याला अमेरिकेतही कुणी हरकत घेत नाही आणि ब्रिटनमध्येही नाही.

काही शब्दांनंतर ‘दॅट’च जास्त रुळलेलं आहे: ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’, ‘नथिंग’, ‘द ओन्ली’, ‘द फर्स्ट’ आणि ‘द बेस्ट’सारखी सर्वोच्च दर्जा सांगणारी विशेषणं. ‘द बेस्ट फिल्म दॅट आय हॅव सीन.’ माणसं आणि जनावरं किंवा वस्तू एकत्र आल्या तरी ‘दॅट’ सगळ्यांना सामावून घेतं: ‘द मेन अँड हॉर्सेस दॅट क्रॉस्ड द रिव्हर’. माणसांसाठी ‘दॅट’ अशुद्ध आहे हा गैरसमज आहे. ‘द मॅन दॅट कॉल्ड’ व्याकरणात बसतं, लिहिताना ‘हू’ अधिक नीटनेटकं दिसतं इतकंच. पाळीव प्राण्याला नाव असेल तर ‘हू’ म्हणतात, बाकी प्राण्यांना ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’.

‘व्हिच’चं एक काम मात्र दुसरं कुणीच करू शकत नाही. ‘ही केम लेट, व्हिच अनॉइड एव्हरीवन.’ इथे ‘व्हिच’ कुठल्या नामासाठी नाही, ‘तो उशिरा आला’ या अख्ख्या गोष्टीसाठी आहे. आपण मराठीत ‘आणि याचा सगळ्यांना राग आला’ असं म्हणू. अशा ‘व्हिच’च्या लगेच आधी एखादं नाम असलं तर घोटाळा होतो. ‘शी सोल्ड द पेंटिंग, व्हिच अपसेट हिम.’ चित्राने वाईट वाटलं की विकण्याने? असं झालं तर वाक्य तोडून लिहा.

गाळायचं कधी

रिकामी जागा कर्माची असेल आणि स्वल्पविराम नसेल तर सर्वनाम गाळता येतं: ‘द बुक आय बॉट’, ‘द पर्सन आय स्पोक टु’. जागा कर्त्याची असेल तर गाळता येत नाही. ‘द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल’ हे वाक्य कोलमडतं, कारण वाचणारा ‘द मॅन केम’ इथेच वाक्य पूर्ण झालं असं समजतो. वाचताना ही गोष्ट उलटी कामाला येते. ‘द प्लॅन द मॅनेजर रिजेक्टेड कॉस्ट लेस’ अशा वाक्यात दोन नामं मध्ये काहीच नसताना शेजारी आली की तिथे ‘दॅट’ लपलेलं आहे असं समजा आणि पुढचं पहिलं क्रियापद दुसऱ्या नामाला द्या. ‘मॅनेजरने नाकारलेली योजना कमी खर्चाची होती’ हा अर्थ लगेच सुटतो.

‘व्हॉट’ या कुटुंबात पाहुणा आहे. त्याच्या पोटात नाम आणि सर्वनाम दोन्ही असतात, ‘व्हॉट’ म्हणजे ‘द थिंग दॅट’. ‘तू म्हणालास ते खरं आहे’ याचं ‘व्हॉट यू सेड इज ट्रू’ होतं. म्हणून आधी नाम किंवा ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’ असा शब्द आला की ‘व्हॉट’ नको. ‘ऑल व्हॉट आय नो’ चूक, ‘ऑल दॅट आय नो’ किंवा नुसतं ‘ऑल आय नो’ बरोबर.

संख्या सांगताना दोन वाक्यं स्वल्पविरामाने चिकटवण्याची सवय दिसते: ‘शी हॅज थ्री सन्स, टू ऑफ देम आर डॉक्टर्स.’ ‘देम’ वाक्यं जोडू शकत नाही. जोडायचं काम ‘हूम’ करतं: ‘टू ऑफ हूम आर डॉक्टर्स’. वस्तू असतील तर ‘टू ऑफ व्हिच’, ‘मोस्ट ऑफ व्हिच’. इथे बोलतानाही ‘हू’ चालत नाही.

राहिलं क्रियापदाचं वचन. ‘हू’, ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ यांना स्वतःचं वचन नसतं, ते मूळ नामाकडून घेतात. ‘आय, हू ॲम युवर फ्रेंड’ यात ‘ॲम’ येतं ते त्यामुळेच. अडचण येते ती ‘वन ऑफ’ आल्यावर. ‘शी इज वन ऑफ द प्लेअर्स हू हॅव स्कोअर्ड.’ गोल केलेले खेळाडू अनेक आहेत, ती त्यांतली एक. ‘हू’ हे ‘प्लेअर्स’साठी आहे, म्हणून ‘हॅव’. पण ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द प्लेअर्स हू हॅज स्कोअर्ड’ इथे गोल करणारी एकटी तीच, तेव्हा ‘हू’ हे ‘वन’साठी आहे आणि क्रियापद ‘हॅज’.